मेनोनाइट चर्च आणि तुमचा भाचा
तुम्ही विचारलंय की घोडागाडीतून फिरणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत भाचा कसा रमेल. घोडागाडी जुन्या वळणाच्या काही गटांपुरतीच आहे. बाकीचे तुमच्याआमच्यासारखेच राहतात.

मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या गोशेनला राहते. माझी एक तरुण सहकारी इथल्या मेनोनाइट चर्चमध्ये रुळली, ती गाण्यामुळे. वाद्यांशिवाय, चार आवाजांत, बसल्या जागेवरून सगळेच गातात. शेजारच्या आजींनी पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवत तिला आल्टोचे, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजाचे, सूर दाखवले. नंतर जेवण. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेला, आणि भांडी विसळायला तिलाही हाक! पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा घेण्याची, घाई कुणी केली नाही. १५२५ साली झुरिकमध्ये ज्या चळवळीतून हे लोक आले, तिचा आग्रहच होता की बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतः ठरवून घ्यावा. त्यापायी कित्येकांना बुडवून, जाळून मारलं गेलं. शस्त्र न उचलण्याची शिकवण मात्र ते आजही मनापासून मानतात.

भाच्याला नि:शंक जाऊ द्या. गाता येत नसलं तरी चालतं.