मेंदूचे फोटो बघून शॉक ट्रीटमेंट पटायला हवी का?

आडवाट
शॉक ट्रीटमेंट म्हटलं की आपल्याकडे अजून हातपाय बांधलेला, किंचाळणारा पेशंट डोळ्यांसमोर येतो. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी ती सुरू केली; मेंदूला थोडी वीज देऊन फिट आणायची, डॉक्टर हिलाच ईसीटी म्हणतात. पुढची सत्तरेक वर्षं ‘गुण येतो, पण कसा ते नक्की कळत नाही’ यावरच भागलं. मग २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांचे ईसीटीच्या आधी आणि नंतर एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना दाखवणारे स्कॅन, काढले. कपाळामागच्या डाव्या भागाची बाकी मेंदूशी असलेली जोडणी फाजील वाढलेली होती, ती उपचारानंतर उतरली. सोबत नैराश्यही उतरलं. एवढं डोळ्यांनी दिसल्यावर तरी ईसीटीला ‘सगळं करून थकल्यावरचा उपाय’ म्हणणं थांबवावं, असं माझं मत.

तिरफळ
रुग्ण किती होते ते लिहायचं राहिलं का हो? नऊ! शिवाय नुसती भूल देऊन शॉक न दिलेला गट तुलनेला नाही. मग जोडणी शॉकने उतरली की माणूस सावरल्यामुळे उतरली, हे कसं ठरवणार? हसणाऱ्या माणसाचा फोटो काढला म्हणून तो कशाने हसला ते कळत नाही.

आडवाट
नऊवरच गाडी थांबलेली नाही. २०१८ मध्ये अनेक केंद्रांतल्या २८१ रुग्णांचे एमआरआय एकत्र तपासले गेले. ईसीटीनंतर हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागाचं, आकारमान वाढलेलं दिसलं.

तिरफळ
वाढलं, मान्य. जितके शॉक जास्त तितकं जास्त वाढलं, हेही मान्य. पण ज्यांचं जास्त वाढलं ते जास्त बरे झाले, असं काही त्यातून निघालं नाही. हे तुमच्या बाजूचं आहे की माझ्या?

भूलवाली
मी भूलतज्ज्ञ आहे, ईसीटीच्या लिस्टला उभी राहते. तुम्ही दोघंही स्कॅनमध्येच अडकलात. उपचार लागू पडतो की नाही हे मशीन ठरवत नाही. इंग्लंडमधल्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या १९८० च्या चाचणीत सगळ्यांना भूल दिली, पण एका गटाला वीज दिलीच नाही. चार आठवड्यांचे उपचार संपले तेव्हा खरा शॉक मिळालेले पुढे होते. अशा सहा चाचण्यांचा, २५६ रुग्णांचा आढावा २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यातही खऱ्या ईसीटीचंच पारडं जड होतं. आणि किंचाळण्याचं म्हणाल तर पेशंट झोपलेला असतो, स्नायू सैल केलेले असतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला आपल्या २०१७ च्या कायद्याने बंदीच आहे.

तिरफळ
ताई, नॉर्थविक पार्कचं अर्धंच सांगितलंत. उपचार संपल्यावर महिन्याने आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन गटांत फरक उरला नव्हता.

भूलवाली
गुण टिकत नाही हे कोण नाकारतंय? २००१ च्या अमेरिकी अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांना नंतर नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या, तर सहा महिन्यांत ८४ टक्क्यांचं नैराश्य परतलं. नॉरट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं औषध) आणि लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) दोन्ही दिलेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं. ईसीटी झाली की गोळ्या बंद करणाऱ्या नातेवाइकांना मी हेच आकडे सांगते.

सायली_ठाणे
आईने जेवण सोडलं होतं, उठायचीही नाही. ईसीटीनंतर जेवायला लागली, माझ्याशी भांडायलाही लागली. पण त्याआधी काही महिन्यांत झालेलं भाचीचं लग्न तिला आठवत नाही. अल्बम दाखवला की गप्प बसते. सही घेताना विसरण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. परत वेळ आली तर मी होच म्हणेन, पण सगळं ऐकून घेऊन.

आडवाट
सायलीताई, तुमच्या आई पुन्हा जेवू लागल्या हेच तर मी म्हणतोय. अशा पेशंटला महिनोन्‌महिने गोळ्या बदलत बसायला लावायचं का?

तिरफळ
नाही, जेवण सोडलेल्या माणसाला ईसीटी द्या, माझी ना नाही. विरोध आहे तो रंगीत स्कॅन पुढे करून पटवण्याला. मेंदूचं चित्र दिसलं की माणसं प्रश्न विचारायची थांबतात, आणि सायलीताईंचा प्रश्न तर त्या चित्रात कुठेच नाही.

भूलवाली
सायली, डिस्चार्जच्या कागदांत बघा, इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंना लावले होते की फक्त उजव्या. एका बाजूने दिलेल्या शॉकने आठवणींचं नुकसान सहसा कमी होतं. पुन्हा वेळ आलीच तर हे आधी विचारून घ्या.