आयर्लंड म्हणजे फक्त मॅकग्रेगर नव्हे
"आयर्लंडचं ग्रॅपलिंग (ठोसे-लाथा न मारता पकडी आणि पेचांनी लढायचा खेळ) म्हणजे कॅव्हनाचं जिम आणि त्याचा चेला, एमएमए लढवय्या कॉनर मॅकग्रेगर, बाकी शून्य" असं एक मत ऐकू येतं, ते अर्धंच पटतं. जॉन कॅव्हना देशातला ब्राझिलियन जिउ-जित्सूचा (जमिनीवरच्या पकडींवर भर देणारा ग्रॅपलिंगचा प्रकार) पहिला ब्लॅक बेल्ट, तेव्हा त्याचा मान आहेच. पण या मतात फीऑन डेव्हिसचं नाव कसं येत नाही? पोरगी वेल्सची, लहानपणी ज्युडो केलेली. पण घडली आयर्लंडच्या ईस्ट कोस्ट अकादमीत, डॅरा ओ'कोनेलच्या हाताखाली. २०१९ च्या एडीसीसीत (ग्रॅपलिंगची मोठी जागतिक स्पर्धा, गीशिवाय लढायची) ६० किलोखालील गटात रौप्य, २०२२ ला लास वेगासमध्ये थेट सुवर्ण. त्याच वर्षी गी (ज्युडोसारखा जाड पोशाख) घालूनही जिउ-जित्सूचं विश्वविजेतेपद.

एडीसीसीचा नियम माहीत नसेल तर तिच्या लढती कंटाळवाण्या वाटतील. सुरुवातीच्या फेरीत दहा मिनिटांपैकी पहिली पाच गुणच नाहीत, सबमिशन (समोरच्याला हार मानायला लावणारा पेच) लागलं तर लढत संपली. नंतरच्या पाचांत स्वतःहून खाली बसलात तर उणे एक. आपल्याकडे कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, इथे पाठीवर पडूनच पायांनी समोरच्याला अडकवायचं आणि त्याच्या हाताला पेच टाकायचा. फीऑनचा खरा खेळ तिथेच सुरू होतो. २०२२ ची ब्रियाना सेंट-मारीविरुद्धची फायनल मिळाली तर जरूर पाहा.