रविवारची देवराई: काय न्यायचं, काय नाही (सोसायटीच्या ग्रुपवरून)

सी-104: रविवारी सकाळी 7 वाजता गेटपाशी जमायचंय, नाशिकच्या फाशीच्या डोंगरावरच्या देवराईसाठी. मुलांनी बाल्कनीतली गुलमोहर आणि सीताफळाची रोपं तिथे लावायला काढून ठेवलीत. चालतील ना?

ए-302: ताई, नकोत. गुलमोहर मादागास्करचा, सीताफळ अमेरिकेकडचं. तिथे 2015 पासून आपल्याकडचीच झाडं लावलीत, तीच शिस्त पाळूया. शिवाय पाऊस संपलाय. आता लावलेलं रोप मूळ धरायच्या आतच मुरुम कोरडा पडतो. कुंडीच्या मातीतून तणाचं बी जातं ते वेगळंच.

बी-201: काका, मग पाणी तरी घालूया? दोन जार आणतो.

ए-302: आणा, पण तिथले स्वयंसेवक दाखवतील त्याच रोपांना. मोठ्या झाडांना वरचेवर थोडं थोडं पाणी दिलं तर मुळं वरच राहतात. उतारावरचं आळं चंद्रकोरीसारखं असतं, बांध खालच्या अंगाला. जार उपडा केला की बांध फुटतो, माती वाहते, मुळं उघडी पडतात. तांब्याने, मुरू देत देत घालायचं. आळ्यातलं वाळकं गवत कचरा समजून काढू नका, ओल तेच धरून ठेवतं. फक्त खोडापासून चार बोटं लांब हवं, नाहीतर खोड कुजतं.

डी-403: बुटांचे तळवे आदल्या रात्रीच ब्रशने घासा, नाड्यासुद्धा. गाजरगवताचं बी इतकं बारीक की वाळल्या चिखलाच्या खपलीत दिसतच नाही, आणि एका झाडाला हजारोंनी धरतं. कुसळी गवत पिकलंय. त्याचं कुसळ पीळ घेत मोज्यात शिरतं, म्हणून गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला. पायवाट सोडायची नाही, गवतात वीतभर रोपं लपलेली असतात.

सी-104: पोहे तिथेच केले तर? छोटा गॅस आहे.

डी-403: अजिबात नको! वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते, आणि आग चढाकडे झपाट्याने धावते. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढलेली असली तरी वारा निखारे पलीकडे टाकतो. साग बुंध्यातून पुन्हा फुटतो, कोवळी रोपं मात्र बरीच जातात. काडेपेटीसुद्धा घरीच राहू द्या. पोहे डब्यात आणा.

बी-201: तिथूनच पुढे बोरगडच्या डोंगरावर जाऊया का?

ए-302: एकाच दिवसात दोन्ही नको, घाई होते. बोरगड 2008 पासून संवर्धन राखीव (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह) आहे, त्यामुळे आधी वन विभागाकडे विचारून घेतो. फेब्रुवारी-मार्चात ठेवूया, पळस फुललेला असेल.