सल्ला हवा: फ्लोराईड मोजायला सहा हजारात काय घ्यावं? (केळापूर-झरी भाग, कॉलेज प्रोजेक्ट)

पोडावरची_पोर
नमस्कार. एमएस्सी केमिस्ट्री सेकंड इयरला आहे, गाव पांढरकवड्याकडचं. तिघांचा मिळून प्रोजेक्ट आहे. मी पाणी तपासणार, एक मित्र इंजिनिअरिंगचा तो तुरटी-चुन्याचा घरगुती फिल्टर बनवून राहिलाय (नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नलगोंडा पद्धत आहे ना, तीच बादलीत), आणि मैत्रीण एमएसडब्ल्यूची (समाजकार्य), ती घरोघरी जाऊन कोण कुठलं पाणी पितं ते विचारणार. 11 गावं, हातपंप-विहिरी-बोअर मिळून 60 जागा, पावसाळ्याआधी एक फेरी आणि नंतर एक. कॉलेजने 6,000 दिलेत, पेट्रोल आमचंच. फ्लोराईड मोजायला काय घेऊ? सहा म्हणजे सहाच, कृपया चाळीस हजारवालं सांगू नका.

खारपाणवाला
ताई टीडीएस पेन घे. मी 350 ले घेतला, दोन वर्षं झाले मस्त चालू हाय. आमच्या दर्यापूरकडे बोअरच्या पाण्यात टाकला का आकडा पाहूनच तहान पळते. सहा हजारात तुले सतरा पेन येतीन.

निवृत्त_लॅब
वरचा सल्ला चुकीचा आहे. पेन पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून एकूण क्षारांचा अंदाज सांगतो, त्यात फ्लोराईड किती हे त्याला कळत नाही. आपल्या मानकात फ्लोराईडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 1.5. टीडीएसची मर्यादा 500. त्या पाचशेत एक-दीड कुठे शोधणार? फ्लोराईडचं आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड घ्या, ते पाण्यातलं नेमकं फ्लोराईडच मोजतं, सोबत सॅम्पलमध्ये मिसळायचं टायसॅब बफर. एकदाच खर्च होतो, मग बघायला नको.

पोडावरची_पोर
सर, बजेट 6,000 आहे.

निवृत्त_लॅब
वाढवून घ्या. चांगल्या कामाला पैसे मिळतात.

कोरडवाहू
हाओ, मिळतात. मले सॅम्पलिंगसाठी मंजूर झालेले पैसे सॅम्पलिंग होऊन, थिसिस बांधून, व्हायवा होऊन गेल्यावर आले. आता घरच्या म्हशीचे सॅम्पल घेऊ का म्हणतो.

बोरीचा_मास्तर
मी शाळेसाठी रंगवालं किट घेतलं होतं, पन्नास टेस्टचं, दोन हजाराच्या आत पडलं. पाण्यात थेंब टाकायचे, गुलाबी रंग येतो, फ्लोराईड जास्त असेल तसा पिवळा होत जातो, मग कार्डावरच्या रंगाशी जुळवायचं. सोपं आहे. फक्त एक करू नका, मी दिवसभर सॅम्पल गोळा करून रात्री घरी पिवळ्या बल्बखाली बसलो. सगळीच गावं पिवळी. मी घाबरून सरपंचाला फोन केला, सरपंच दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर, उन्हात परत केलं तर निम्मी गुलाबी. अजून चिडवतात मला. दिवसाउजेडी, सावलीत करा, आणि रंग दोघांनी वेगवेगळा पाहून लिहा, एकमेकाला न सांगता.

खारपाणवाला
म्हणून म्हणतो पेन बरा, आकडा थेट दिसते, रंगाचा झगडाच नाई.

कोरडवाहू
अरे भाऊ तो आकडा फ्लोराईडचा नाई ना बे.

आविष्कार_दोनदा
मीटरचं राहू दे, आधी हे सांग तू आविष्कारमध्ये (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) कोणत्या गटात टाकणार आहेस? शुद्ध विज्ञानात टाकलं तर परीक्षक म्हणतात सर्व्हे कशाला. इंजिनिअरिंगमध्ये टाकलं तर म्हणतात फिल्टरचं डिझाईन कुठे. मानव्यविद्येत टाकलं तर म्हणतात रसायनशास्त्र कळत नाही आम्हाला, चहा घ्या. मी दोन वर्षं असाच टोलवला गेलो, पोस्टर दोन्ही वेळा मीच छापलं, सोळाशे रुपये गेले.

निवृत्त_लॅब
शुद्ध विज्ञान. प्रश्नच नाही.

घरोघर
प्रश्न कसा नाही? पाणी मोजून ठेवलं आणि बाई त्याच पंपावर गेली तर मोजून काय उपयोग. आमच्याकडे एका पंपावर लाल रंग मारून "पिण्यास अयोग्य" लिहिलं होतं, त्याच्यासमोरच रांग. विचारलं तर म्हणे नळ चौथ्या दिवशी येतो, लाल रंगाला काय करू. मी एमएसडब्ल्यू आहे म्हणून सांगते, फ्लोराईडने पडलेल्या डागांसाठी पोरांचे दात पाहणार असाल (त्या डागांची प्रतवारी करणारा डीन इंडेक्स वगैरे) तर आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी काढा, आईबापाची सही घ्या, मोबाईलवर तोंडाचे फोटो काढत फिरू नका. आणि वेचणीच्या दिवसात नऊनंतर गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्याच असतात, सात वाजता जा नाहीतर संध्याकाळी. कोलाम पोडावर (त्यांच्या वस्तीवर) जाणार असाल तर कोलामी बोलणारं कोणीतरी न्या, नाहीतर सगळे "हो हो" म्हणतील आणि तुम्ही ते "हो" लिहून आणाल.

आविष्कार_दोनदा
बरोबर, पण गट कोणता?

बाटली_बाटली
माझी चूक ऐका मग. 40 सॅम्पल, बाटल्यांवर जेल पेनने गावाचं नाव. थर्माकोलच्या डब्यात बर्फ वितळला आणि सगळी गावं एकाच निळ्या पाण्यात बुडाली. काहींचं नाव झाकणावर होतं ते वाचलं, पण झाकणं धुताना अदलाबदल झाली होती. दुसऱ्यांदा 11 गावं फिरलो, स्वतःच्या पैशाने. परमनंट मार्करने बाटलीच्या अंगावर लिहा, वर पारदर्शक टेप मारा. बाटली प्लास्टिकची घ्या, फ्लोराईडला काच चालत नाही, काचेशी त्याचं जुळत नाही. फ्लोराईडच्या सॅम्पलला बर्फाची गरजही नव्हती हे मला नंतर कळलं, 28 दिवसांत तपासलं तरी चालतं. म्हणजे बर्फही फुकट आणि माझा रडकुंडा चेहराही.

बोरीचा_मास्तर
बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची हे राहिलं. आणि हातपंप आधी थोडा वेळ मारून घ्यायचा, पाइपातलं रात्रीचं पाणी जाऊ द्यायचं.

निवृत्त_लॅब
एक मुद्दा कोणीच मांडला नाही. तुमचा मित्र तुरटी वापरतो. तुरटीतलं थोडं अल्युमिनियम पाण्यात राहतं, ते फ्लोराईडला धरून बसतं आणि रंगाच्या पद्धतीला ते फ्लोराईड दिसतच नाही. लॅबमधल्या स्पॅडन्स या रंगाच्या पद्धतीत सुद्धा हेच होतं, म्हणून आधी डिस्टिलेशन करतात. म्हणजे फिल्टरने फ्लोराईड काढलं नसलं तरी किट म्हणेल काढलं. पोरं खूश, पोस्टर खूश. टायसॅबमध्ये अल्युमिनियमची ती पकड सोडवणारं रसायन असतं, म्हणून मी पहिल्यापासून इलेक्ट्रोड म्हणतोय.

पोडावरची_पोर
सर हे फार कामाचं बोललात. मित्राला आताच फोन केला, तो म्हणतो 4 वरून 0.8 आलंय, कालच स्टेटस ठेवलं होतं. काढलं.

खारपाणवाला
फिल्टरच्या पाण्यात पेन टाकून पाहा ना.

कोरडवाहू
तुरटी-चुना टाकल्यावर आकडा वर जाईन अजून. पेन ठेव रे बाबा खिशात.

पाणीवाली_माय
मी गावची जलसुरक्षक नाही पण आमच्या गटातल्या बायांना ट्रेनिंग भेटलं होतं, जलजीवन मिशनमध्ये हरेक गावी पाच बाया शिकवल्या पाणी तपासायला. किट ग्रामपंचायतीत कपाटात असते, आमच्याकडे तर सीलही फोडलं नव्हतं. विकत काऊन घेता, जाऊन मागा. तारीख पाहा बाटलीवरची, जुनं झालं की रंग येत नाई. आणि तालुक्याकडे सरकारी लॅब असते भूजल सर्वेक्षणवाल्यांची, पब्लिकचं पाणी बी तपासतात थोडक्या पैशात. ग्रामसेवकाचं पत्र न्या संगं.

आविष्कार_दोनदा
हे आधी कोणी का नाही सांगितलं, मी किट घेतलं होतं. दोनदा.

निवृत्त_लॅब
सरकारी लॅबमध्ये फ्लोराईड कोणत्या पद्धतीने करतात ते विचारून घ्या.

पाणीवाली_माय
अजून एक सांगतो बेटा. आमच्या गावात दोन पाणी हायेत. विहिरीचं जड, डाळ शिजता शिजत नाई. बोअरचं गोड, डाळ पटकन लोण्यासारखी होते. सगळ्या बाया बोअरवर जातात आणि बोअरमध्येच फ्लोराईड निघालं. त्यायले सांगतलं तर म्हणतात एवढं गोड पाणी वाईट कसं.

घरोघर
हे प्रश्नावलीत टाका! "डाळ कोणत्या पाण्यात शिजवता" असा एक प्रश्न हवाच. "शुद्ध पाणी पिता का" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात.

निवृत्त_लॅब
मावशींचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. कॅल्शियम जास्त असलं की फ्लोराईड त्याच्याशी बांधून खाली बसतं, पाण्यात फार राहत नाही. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त, तिथे फ्लोराईड वर चढतं, आणि तेच पाणी डाळ लवकर शिजवतं. खोल बोअरचं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं असतं, ते वेगळंच.

पोडावरची_पोर
सगळ्यांचे आभार, तीन दिवस झाले म्हणून कळवते. किट विकत घेतलं नाही, चार ग्रामपंचायतींकडून मिळालं, एका कपाटाची चावी अजून सापडायची आहे. दोन किटांची तारीख संपलीय. फिल्टरमधून काढलेलं पाणी किटने करणारच नाही, ते आणि निवडक कच्चे सॅम्पल लॅबला जाणार, इलेक्ट्रोडवर करतात का ते फोनवर विचारून घेतलं, करतात. मोठा खर्च बाटल्या, मार्कर, टेप आणि लॅबची फी. उरलेल्यातून मी टीडीएस पेन घेतला. हो, घेतला. सगळे ओरडणार माहीत आहे. पण काल पहिल्या गावात विहिरीच्या जड पाण्यात टाकला तर 900 च्या वर, बोअरच्या गोड पाण्यात 400, आणि किटवर उलटं, बोअरचंच पिवळं. दोन्ही भांडी शेजारी ठेवली तर आजी म्हणाली, म्हणजे तुहा पेन बी माह्या जिभेसारखाच फसते का? प्रश्नावलीतल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा त्या वाक्यावर जास्त वेळ बोलणं झालं.

खारपाणवाला
म्हटलं होतं ना पेन घे. 😎 कितीले पडला?

पोडावरची_पोर
280.

खारपाणवाला
मले 350 लावले त्याने!!

आविष्कार_दोनदा
गट ठरला का?