मागे डिस्क असलेल्या गाडीचा हॅन्डब्रेक: नुसते शू बदलू की आतलं सगळंच?

मिऱ्याकाठ
गाडी 2009 ची सीआर-व्ही. रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्यावर उभी असते. हॅन्डब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी घराजवळच्या घाटीवर गाडी मागे सरकते. रिव्हर्स घेताना उजव्या मागच्या चाकातून खरखर येते. पॅड नवे, डिस्कही ठीक. एका गॅरेजवाल्यानं केबल ताणून दिली, थोडे दिवस बरं वाटलं, मग तेच चाक तापायला लागलं. दुसरा म्हणतो शू संपलेत, मुंबईहून मागवू. शू बदलायचेच तर स्प्रिंगा, पिना वगैरे बदलाव्यात का? आणि घरी जमण्यासारखं आहे का? पॅड मी स्वतः बदलतो.

नट_बोल्ट_नाशिक
दादा, आधी ती केबल ढिली करा. बाकी सगळं नंतर.

स्विफ्ट-अल्टोसारख्या गाड्यांत मागे ड्रम असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा. शू म्हणजे त्याला आतून दाबणाऱ्या पत्र्याच्या कमानी. पायाचा ब्रेक आणि हॅन्डब्रेक तेच शू वापरतात, आणि शू झिजले की आतला अॅडजस्टर आपोआप पुढे सरकतो. तुमच्या गाडीत डिस्कच्या मधल्या टोपीतच एक छोटा ड्रम आहे, त्यात फक्त हॅन्डब्रेकचे शू. तो अॅडजस्टर आपणहून फिरत नाही, दात्यांचं चाक हातानं फिरवावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच मेस्त्रींचा हात पहिल्या प्रकारावर बसलेला, त्यामुळे लिव्हर वर आली की केबल ताणतात. मग शू अर्धवट उघडे राहतात आणि ड्रमला घासतात. चाक तापतंय ते बहुतेक त्यामुळेच.

आणि शू 'संपलेत' यावर चाक न उघडता विश्वास ठेवू नका. हे शू चालत्या गाडीला थांबवत नाहीत, उभी गाडी धरून ठेवतात. हॅन्डब्रेक लावून गाडी हाकायची सवय नसेल तर ते झिजणार कशानं? ते सडतात. पत्र्याला गंज चढतो आणि लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, सुटून येतो, किंवा शूला मागच्या प्लेटवर धरणारी पिन तुटून शू ड्रमवर लोळतो. तुमची खरखर मला त्यातली वाटते.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इथं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंजाच्या बाबतीत आपण शेजारी. माझ्या 2008 च्या कॅमरीत हीच रचना आहे.

माझं मत: हार्डवेअर किट घ्याच. रिटर्न स्प्रिंगा, पिना, पिनांवर बसणारे कप, अॅडजस्टर. शूपेक्षा हेच आधी मरतं. आणि शूच्या मागे जी छोटी लिव्हर असते ती जुन्या शूवरून नव्यावर चढवावी लागते, तिची यू-क्लिप नवीनच घाला. जुनी उघडून परत दाबली की पकड राहत नाही.

खरी मारामारी डिस्क काढताना होते. होंडाच्या डिस्कला दोन चपट्या डोक्याचे स्क्रू असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं गेलात तर खाच गुळगुळीत झालीच म्हणून समजा. हातोडा मारून फिरतो तो इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, आदल्या रात्री गंजावरचं तेल मारून ठेवा. डिस्कवर दोन आटे पाडलेली भोकं दिसतील, त्यात 8 मिमीचे, 1.25 पिचचे बोल्ट आळीपाळीनं आवळत गेलं की डिस्क आपोआप सुटते. तरी अडली तर आत शूची कड अडकलेली असते. रबरी बूच काढून दात्यांचं चाक मागे फिरवा. जोर लावू नका.

जुगाड_जिंदाबाद
कशाला एवढा खर्च? जुन्या शूवर लायनर चिकटवून देणारे प्रत्येक शहरात आहेत. स्प्रिंगा धुवून परत टाका.

नट_बोल्ट_नाशिक
लायनर चिकटवून घ्यायला माझी ना नाही, पत्रा निरोगी असेल तर. या केसमध्ये पत्राच गंजलेला असायची शक्यता जास्त. गंजावर काय चिकटणार? आणि खाऱ्या हवेत पिवळी झालेली स्प्रिंग धुऊन तरुण होत नाही हो.

स्पॅनरवाली_पुणे
मिऱ्याकाठ, पॅड बदलता म्हणजे अर्धं काम येतंच. एकच सांगते, इथं हॅन्डब्रेक सोडूनच काम करायचं आहे. म्हणजे गाडी सपाटीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, गिअर पहिल्यात किंवा पार्कमध्ये, आणि जॅकवर विसंबून न राहता स्टँड. कॅलिपर (पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या रबरी होजवर लटकवू नका, तारेनं बांधा. आतली धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपनं उडवू तर मुळीच नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून पुसून घ्या.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी जशीच्या तशी राहिली की कुठली स्प्रिंग कुठे, ते बघायला नमुना हाताशी असतो. डाव्या-उजव्या अॅडजस्टरची अदलाबदल नको.

पार्ट पुण्यात हवे असतील तर नाना पेठेत विचारा, मुंबईत कुर्ल्याला. जुना शू पिशवीत घालून सोबत न्या. नुसतं मॉडेल सांगितलं की दुकानदार ड्रम ब्रेकचे शू पुढे करतो.

एडिसनकर
ताईंनी सांगितलंय त्यात भर. बसवताना मागच्या प्लेटवर शू जिथे टेकतात तिथे उष्णता सोसणारं ग्रीस, पण नखभरच. अॅडजस्ट करताना डिस्क दोन नटांनी हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, सपाट आवळा, नाहीतर ती तिरकी बसते आणि माप चुकतं. दात्यांचं चाक डिस्क अडेपर्यंत फिरवायचं, मग मॅन्युअलमध्ये असतील तेवढे दाते मागे. दोन्ही बाजू झाल्या की शेवटी केबल. हा क्रम उलटा केलात की पुन्हा चाक तापणार.

मिऱ्याकाठ
सगळ्यांचे आभार. उजवी बाजू उघडली. लायनर सहज 2 मिमीच्या वर शिल्लक आहे, पण एक पिन मधोमध तुटलेली आणि तिचा कप ड्रममध्ये फिरत होता, खरखर त्याचीच. पुढच्या शूचा लायनर कडेनं पत्र्यावरून उचललाय. शू आणि किट मागवलं. आता नवीन अडचण: मागच्या प्लेटला पिनेचं भोक गंजून मोठं झालंय, नवीन पिनेचं डोकं त्यातून आरपार जाईल असं वाटतं. वॉशर टाकू?

नट_बोल्ट_नाशिक
वॉशरनं भागवू नका. भोवतीचा पत्राही पापुद्र्यासारखा झाला असणार. स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. कडक लागला तर वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याचा तुकडा जोडून नवीन भोक पाडता येईल. टोक आत गेलं तर प्लेटच बदला. त्यासाठी हब काढावा लागेल, आणि हब इतकी वर्षं तिथे बसलेला आहे म्हणजे सरळ निघणार नाही. एबीएसच्या सेन्सरची वायर आधी बाजूला करून घ्या. हे काम घरी नको, प्रेस असलेल्या गॅरेजात न्या. आणि तोवर गाडी घाटीवर लावू नका.

मिऱ्याकाठ
टोचलं. आत गेलं. प्लेट मागवतोय. डावी बाजू किट आल्यावर उघडतो.