'द काउंट ऑफ टस्कनी' नवख्या कानाला ऐकवावं का? सल्ला हवा

प्रतापनगरचा मामा

मंडळी, भाची येत्या शनिवारी अमरावतीहून आठ दिवस राहायला येऊन राहिली आहे. बारावी झाली. सहा वर्षं सतार शिकली, आता इलेक्ट्रिक गिटार घेतलीय. फोनवर म्हणाली, "मामा, तुम्ही मित्र ते जे तासन् तास ऐकता ना, त्यातलं एकच गाणं मला नीट बसून ऐकव."

मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचं 'द काउंट ऑफ टस्कनी'. रविवारी इथं नागपुरात फुटाळा तलावावर दोघा मित्रांना सांगितलं आणि असं भांडण पेटलं की चहा तसाच राहिला. एकाचं म्हणणं, वाजवलंय जबरदस्त, पण शब्द शाळेच्या निबंधासारखे. दुसऱ्याला मधली तीन-साडेतीन मिनिटांची शांत जागा म्हणजे नुसता भराव वाटतो. मला तर त्या जागेसाठीच हे गाणं हवं असतं.

गाणं १९ मिनिटं १६ सेकंदांचं. पोरीला एवढं झेपेल का? नाही तर दुसरं काय लावू? आणि लावलंच तर कसं, घरच्या स्पीकरवर की हेडफोनवर?

इतवारीवाला

भाऊ, नका लावू. मी १९९९ च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' या अल्बमपासून हा बँड ऐकतो, म्हणून हक्कानं सांगतो. बँडचा गिटारवाला पेट्रुसी, त्यानं स्वतःवर आलेला प्रसंग लिहिलाय, हे मान्य. इटलीतल्या टस्कनीत एक काउंट, म्हणजे सरदार, भेटतो, गाडीतून आपल्या वाड्यावर नेतो, पाइप ओढणारा भाऊ दाखवतो, तळघरातली दारूची पिंपं दाखवतो. आपला माणूस घाबरतो की आता मला मारतात. आणि मग काहीच होत नाही! एवढ्या गोष्टीसाठी एकोणीस मिनिटं?

हे गाणं ज्यात आहे त्याच २००९ च्या 'ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज' अल्बममध्ये ड्रमर पोर्टनॉयनं आपल्या वडिलांवर लिहिलेलं 'द बेस्ट ऑफ टाइम्स' आहे. त्याच साली त्याचे वडील गेले. त्यातला शब्दन् शब्द खरा लागतो. नाहीतर सरळ १९९२ चं 'पुल मी अंडर' लावा. आठ मिनिटांत बँड कळतो.

मालगुजारांचा शेजारी

इतवारीवाले भाऊ, तुमचा मान ठेवून बोलतो, "काहीच होत नाही" हे मला पटत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. उमरेडच्या पुढे एका गावात जमिनीच्या कागदासाठी गेलो होतो. काम होईस्तोवर शेवटची एसटी गेली. जुन्या मालगुजारांच्या वाड्यातले म्हातारे बाबा म्हणाले, "आता कुठं जाता? इथंच मुक्काम करा." जेवण झाल्यावर कंदील घेऊन मला वाडा दाखवायला निघाले. मागच्या अंगणात एक फरशी होती. ती सरकवली आणि म्हणाले, "हे धान्याचं पेव. याच्यात एकदा माणूस उतरला तो परत आला नाही. वाका, पाहा." मी वाकलो. खालून कोंदट, आंबूस, गरम वाफ तोंडावर आली. म्हातारा माझ्या पाठीशी उभा, आणि कंदिलाचा उजेड हलत होता. त्या क्षणी मला घरच्या सगळ्यांचे चेहरे आठवले, खरं सांगतो.

काय झालं? काही नाही. बाबांनी फरशी लावली, मला दूध दिलं, गादी घालून दिली. आत साचलेल्या वायूनं पेवात माणसं गुदमरून मरायची, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला सावध करायला सांगितलं होतं, आणि मी त्यांना खुनी ठरवून बसलो होतो. सकाळी त्यांच्या पाया पडताना नजर वर होईना.

हे गाणं मी त्यानंतर ऐकलं. शब्द साधे आहेत, कारण घाबरलेला माणूस साधंच बोलतो. शेवटी तो सरदार स्वतः बोलतो आणि भीती कुणाच्या डोक्यात होती ते उलगडतं, तिथे मला आजही भरून येतं. भाऊ, नक्की ऐकवा.

सप्तक_धरमपेठ

गोष्टीवरून तुम्ही भांडत राहा, मी गिटार शिकवते म्हणून फक्त मधल्या जागेबद्दल बोलते. तिला भराव म्हणणाऱ्यांनी ती नीट ऐकलेलीच नाही.

साधारण अकराव्या मिनिटाला ड्रम आणि बास थांबतात. जॉर्डन रुडेसच्या कीबोर्डचे लांब सूर खाली पसरलेले राहतात. वर पेट्रुसी तार छेडतो तेव्हा आवाज बंद ठेवतो आणि छेडून झाल्यावर पायाखालच्या पेडलनं हळूहळू उघडतो. म्हणजे तारेवर पिकचा (तार छेडायच्या पातळ पट्टीचा) आघात कानावर पडतच नाही, नुसता सूर फुलत येतो. आधीची दहा मिनिटं सगळा आघातच आघात असतो, म्हणून ही जागा एवढी लागते. तेवढाच तुकडा कापून ऐकवाल तर काहीच कळणार नाही.

भाची सतारीची आहे ना? मिजराबचा, म्हणजे बोटात घालायच्या तारेच्या नखीचा, आघात हा सतारीचा जीव. ज्या हाताला सहा वर्षं त्याची सवय आहे, त्या कानाला आघात गायब झालेला लगेच कळेल. मामा, तिला आधी काही सांगू नका. गाणं संपल्यावर फक्त विचारा, मधे कोणतं वाद्य होतं?

आणि कृपा करून कूलर बंद करा. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरच्या घरघरीत ती जागा अर्धी बुडते. हेडफोन नको, सोबत बसून ऐका.

शब्द खटकणाऱ्यांसाठीही उपाय आहे. या अल्बमची तीन डिस्कची विशेष आवृत्ती निघाली होती. तिसऱ्या डिस्कवर सहाही गाणी गाण्याशिवाय, नुसती वाद्यं. इतवारीवाल्यांनी 'काउंट' एकदा तसं ऐकून पाहावं, मग बोलू.

इतवारीवाला

ताई, नुसत्या वाद्यांवर ऐकलंय. तसं मला आवडतं, म्हणून तर शब्दांचा राग येतो. मत तेच.

रामटेक_रोड

मी गाडीत ऐकतो. कन्हानचा पूल ओलांडला की लावायचं, मनसर येण्याच्या थोडं आधी संपतं. एक गोष्ट कुणी बोललं नाही. सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉयनं बँड सोडला, आणि जाण्याआधीच्या शेवटच्या अल्बमचं हे शेवटचं गाणं. २०२३ मध्ये तो परत येईपर्यंत आमच्यासारख्यांना हा निरोपच वाटायचा. त्यामुळे आमचं प्रेम त्या नात्यापायी आहे की गाण्यापायी, हे मलाही सांगता येत नाही. पोरीला तो इतिहास नाही, तिचा कान कोरा आहे. तिचं मत इथे नक्की लिहा.

शांत_कान

जड आवाज सोसला नाही तर ओपेथ या बँडचा २००३ चा 'डॅम्नेशन' अल्बम जवळ ठेवा. अख्ख्या अल्बममध्ये आरडाओरडा नाही. त्यानंतर पॉर्क्युपाइन ट्री या बँडचं 'अनेस्थेटाइज' हे गाणं. तेही सतरा मिनिटांच्या वर आहे, पण सतारवालीला लांबीची भीती कसली? ती तासभराच्या रागात वाढलेली.

प्रतापनगरचा मामा

मंडळी, काल रात्री ऐकलं. साडेनऊला कूलर बंद केला, खिडक्या लावल्या. माझी बहीण चिडली, "पोरीला उकडून मारतोस का रे?" आणि स्वतःच दारात पदरानं वारा घेत उभी राहिली.

सुरुवातीचं जड वाजवणं भाचीनं गुडघ्यावर बोटं मोजत ऐकलं. सरदाराचा पाइपवाला भाऊ आला तिथे कपाळाला आठी पडली. इतवारीवाले, तिचं मत तुमच्याकडे आहे. म्हणाली, "गाण्यात एवढं सगळं सांगायचं नसतं, मामा."

शांत जागा आली तशी बोटं थांबली, डोळे मिटले. संपल्यावर मी विचारलं, वाद्य कोणतं? "सारंगी नाही... पण गजानं वाजवलेलं काहीतरी." मी म्हटलं, तुझीच गिटार आहे. विश्वास बसेना. तेवढी जागा परत लावली, मग आणखी एकदा.

पेडल काही घरात नाही. सप्तक ताईंना फोन लावला, त्यांनी सांगितलं की गिटारवरचं आवाजाचं बटण करंगळीनं फिरवूनही जमतं. पोरीची करंगळी पुरेना, आघात मधेच निसटून ऐकू यायचा. कूलर तिनं लावूच दिला नाही. रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलो तर अंधारात बसून एकच सूर उघडत होती.

ताई, रविवारी तिला घेऊन तुमच्याकडे धरमपेठला येऊ का?