मदत हवी आहे: १९७४ च्या वाटपाच्या दाव्यातील हुकूमनाम्याची नक्कल रत्नागिरीत मिळेल की ओरोसला?

गाव कुडाळ तालुक्यातलं. आजोबा आणि चुलत आजोबांमधल्या वाटपाच्या दाव्याचा निकाल १९७४ साली लागला. त्यावर जिल्हा न्यायालयात अपील झालं होतं, म्हणजे रत्नागिरीला, कारण सिंधुदुर्ग जिल्हा (मुख्यालय ओरोस) झाला १९८१ मध्ये. आता सातबाऱ्यावर सगळी नावं सामाईक आहेत. पोटहिस्से पाडायचे तर तलाठी म्हणतात, हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आणा.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुना फेरफार काढलाय. शेरा एवढाच: 'दिवाणी कोर्टाचे हुकूमनाम्यावरून', पुढे रे.मु.नं. (म्हणजे दिवाणी दाव्याचा नंबर) आणि वर्ष. त्यातला नंबर शाई फुटल्यामुळे अर्धाच लागतो. ई-कोर्ट्सवर इतकं जुनं काही सापडत नाही. तालुक्याच्या न्यायालयात नक्कलेचा अर्ज दिला, तर पूर्ण नंबराशिवाय शोध घेता येणार नाही म्हणून परत आला. वकिलांचं दप्तर त्यांच्या पश्चात कुठे गेलं, ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत नाही. पक्षकारांची नावं, गाव आणि सर्व्हे नंबर मात्र पक्के आहेत. मी डोंबिवलीला असतो, जाणं होईल ते थेट शिमग्याला. म्हणून आधी नेमकं ठिकाण कळलं तर बरं.

कोणी असं जुनं प्रकरण काढलंय का? जिल्हा वेगळा झाल्यावर अपिलांची दप्तरं ओरोसला आली की रत्नागिरीतच राहिली? आणि नंबर अर्धवट असताना नावांवरून दाव्यांचं रजिस्टर शोधून मिळावं, यासाठी अर्ज कोणाच्या नावे आणि कसा करायचा?